तास, एकर की गाठ?

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याच्या शिवारात धान कापून झाला की दोन सौदे होतात. पहिला धानाचा. त्याचा भाव दिल्लीत ठरतो आणि छापून येतो: २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये. दुसरा सौदा धान निघाल्यावर बांधीत पडून राहिलेल्या तणसाचा, आणि तो धुऱ्यावर उभ्याउभ्या होतो. "का गा भाऊ, गाठी बांधाचं काय घेता?" असे एकाने विचारायचे, ट्रॅक्टरवाल्याने एक आकडा सांगायचा, शेतकऱ्याने त्यातले थोडे तोडायचे आणि दोघांनीही आपणच फसलो या खात्रीने कामाला लागायचे. हा आकडा आला कुठून, असे विचारले तर उत्तर ठरलेले: मागच्या साली एवढा होता, बाजूच्या गावात एवढा चालू आहे.

हा प्रश्न तसा नवा आहे. विळ्याने कापणी होती तेव्हा कडपा वाळायच्या, भारे बांधले जायचे, पुंजणे रचले जायचे, आणि सवडीने धान चुरला की तणस खळ्यावरच एका जागी मिळायचे. बंडीत भरले की घरी. तणस गोळा करण्याची वेगळी मजुरी कुणी मोजत नव्हते, कारण ती कापणीच्या आणि चुरण्याच्या मजुरीतच मुरलेली असायची. हार्वेस्टरने हा क्रम मोडला. साखळीवर चालणारे यंत्र ओलसर बांधीतही उतरते, कापते, झोडते, धान टाकीत भरते आणि तणस मागे ओळीने टाकून पुढे जाते. खाली वीत-दीड वीत धसकटे उभी राहतात. ते तणस माणसे लावून उचलायचे तर मजुरी परवडत नाही, आणि काडी लावायची तर वैरण आणि माती दोन्ही गमवाव्या लागतात. म्हणून ट्रॅक्टरमागे जोडलेला बेलर आला. तो ओळीवरून चालतो, तणस उचलतो, दाबतो, सुतळीने बांधतो आणि गाठ मागे सोडतो.

गाठीचे काम भाड्याने करून घ्यायचे तर आधी माप ठरवावे लागते: पैसे तासाचे, एकराचे, गाठीचे की वाट्याचे? माझ्या मते दरावरच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ इथे आहे. प्रत्येक माप जोखीम वेगळ्या माणसाच्या डोक्यावर ठेवते, आणि ती कुणाच्या डोक्यावर गेली हे काम संपल्यावरच कळते.

तासाचे माप आपल्याकडे सवयीचे, कारण चिखलणीला ट्रॅक्टर तासावरच लागतो. पण तासाच्या दरात सगळी जोखीम शेतकऱ्याची. बांधी लहान निघाली, कोपऱ्यात ओल राहिली, तणस विरळ होते, चालक नवखा होता, सगळ्याचा भार त्याच्यावर. सुतळी तुटून यंत्र थांबले तर तास थांबतो का, हे आधी विचारलेले नसेल तर घड्याळ चालूच राहते.

एकराच्या मापात पारडे उलटे. आता घाई ट्रॅक्टरवाल्याला असते. भारी धानाचे तणस दाट. तेवढ्याच एकरात गाठी जास्त, सुतळी जास्त, डिझेल जास्त आणि पैसे तेवढेच. मग तो वेग वाढवतो, धुऱ्यालगतचे आणि कोपऱ्यातले तणस सोडून देतो. शिवाय एकर कोणता? सातबाऱ्यावरच्या एकरात धुरेही आले आणि बोडीही आली. यंत्र फिरते ते त्याहून कमी जागेत. दहा-वीस डिसमिलचा हा फरक एका शेतात किरकोळ वाटतो, पण हंगामभर दोघांपैकी एकाच्या खिशातून तो जात राहतो.

गाठीचे माप सर्वांत स्वच्छ वाटते: मोजा आणि पैसे द्या. मात्र गाठ ही ठरीव वस्तू नाही. दाब कमी केला की २० किलोची गाठ १४ किलोची होते. एका एकरातून दहा क्विंटल तणस उचलले गेले असे धरू. २० किलोच्या ५० गाठी झाल्या तर ४० रुपये दराने २,००० रुपये होतात. १४ किलोच्या केल्या तर ७१ गाठी आणि २,८४० रुपये. शेत तेच, तणस तेच, बिल दीडपटीकडे. यावर उपाय साधा आहे. दर ठरवताना गाठीचे वजन ठरवायचे, आणि काम चालू असताना मधूनच कुठल्याही पाच गाठी काट्यावर टाकायच्या. तणस पुरेसे वाळलेले हवे हेही त्याच वेळी सांगायचे. ओल १५ ते १८ टक्क्यांवर असली की वजन फसवे भरते आणि रचलेल्या गाठी आतून काळ्या पडतात.

चौथे माप वाट्याचे: गाठी अर्ध्या तुझ्या, अर्ध्या माझ्या. हे सर्वांत जुने. मजुरी धानाच्या मापाने देण्याच्या काळात पीक पडले की मजुरीही आपोआप पडायची, पिकले की वाढायची. वाट्यात तो गुण आजही आहे. विरळ तणसाचा फटका दोघांना सारखा बसतो आणि सैल गाठ बांधण्यात कुणाचाच फायदा नसतो. दोष एवढाच की त्यात दोन किमती एकमेकींत मिसळतात, कामाची आणि तणसाची. ज्याला तणसाचा बाजार माहीत, त्याचे फावते. तो माणूस बहुधा शेतकरी नसतो.

मापावरून इतका खल कशाला, असे वाटत असेल तर ऊसपट्ट्याकडे पाहावे. राज्यातल्या ऊसतोड कामगारांचा दर वर्षानुवर्षे टनावर ठरतो, आणि तो साखर संघ व कामगार संघटना एकत्र बसून करार करून ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या तोडग्यात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. वजन कारखान्याच्या काट्यावर होते, कागद मिळतो, तरीही काटामारीची तक्रार मिटलेली नाही. धुऱ्यावर तर काटाच नसतो.

आता आकड्याकडे. यंत्राच्या कामाचा खर्च कसा काढावा यासाठी भारतीय मानक संस्थेचे एक मार्गदर्शक १९७९ पासून आहे, आयएस ९१६४. त्याचा सांगाडा समजायला अभियंता असण्याची गरज नाही. यंत्र वापरले नाही तरी होणारा खर्च एका बाजूला: घसारा, व्याज, विमा, निवारा. वापरले तरच होणारा दुसऱ्या बाजूला: डिझेल, ऑइल, दुरुस्ती, माणसे. पहिला खर्च वर्षाच्या तासांनी भागायचा, दुसरा तासागणिक धरायचा. खालचे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत. वाचणाऱ्याने त्या जागी आपले घालावेत.

लहान गोल गाठींचा बेलर ३,५०,००० रुपयांचा, आयुष्य आठ वर्षे, शेवटी दहा टक्के किंमत मिळणार. घसारा वर्षाला ३९,३७५ रुपये. व्याज सरासरी गुंतलेल्या रकमेवर, म्हणजे १,९२,५०० वर, १२ टक्क्यांनी २३,१०० रुपये. विमा आणि निवारा मिळून दोन टक्के, ७,००० रुपये. एकूण ६९,४७५. दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी खरिपाची कापणी आणि मे महिन्यातला उन्हाळी धान मिळून बेलर वर्षात २५० तास चालला, तर तासाला २७८ रुपये पडतात. दुरुस्तीचे ७० धरा. साडेसात लाखांचा ट्रॅक्टर वर्षात ६०० तास इतर कामेही करतो. याच रीतीने, दहा वर्षांच्या आयुष्यावर, त्याचा दुरुस्तीसह भार तासाला २८३ येतो. डिझेल साडेचार लिटर, ९२ रुपयांनी ४१४. ऑइल-ग्रीस ४०. चालक आणि सोबतचा माणूस यांची मिळून दिवसाची हजार रुपये मजुरी सहा तासांत वाटली की १६७. बेरीज तासाला १,२५२ रुपये.

तासाला ४० गाठी निघाल्या तर गाठीमागे ३१ रुपये, वर सुतळीचे तीन. म्हणजे ३४. ये-जा, मोडतोड, बुडीत उधारी यांसाठी दहा टक्के वाढवले की ३८ च्या जवळ, आणि त्यावर दहा टक्के नफा धरला की ४१-४२ रुपये. या आकड्यांवर कुणी ३० रुपयांत गाठ बांधून देत असेल तर तो घसारा मोजत नाही. आठ वर्षांनी बेलर भंगारात जाईल आणि नवा घ्यायला गाठीशी काही नसेल. कुणी ६० मागत असेल तर त्याला कारण विचारावे. कारण खरेही असू शकते.

खरे कारण बहुतेकदा बांधीचे असते. धानाची शेती म्हणजे पाणी धरण्यासाठी पाडलेले लहानलहान तुकडे. बेलरचा निम्मा वेळ वळण्यात आणि धुरा ओलांडण्यात जातो. अशा शेतात तासाला ४० ऐवजी २५ गाठी निघाल्या तर वरचाच खर्च गाठीमागे ५३ रुपये होतो, म्हणजे १९ रुपये जास्त. वर्षाचे तास २५० ऐवजी १०० भरले तर गाठीमागे दहा रुपये वाढतात. आणि अनुदान? केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून भाडेतत्त्वावरच्या अवजार केंद्रांना मदत मिळते. बेलरच्या किमतीत ४० टक्के सूट मिळाली असे धरून हिशेब पुन्हा केला तर गाठीमागे वाचतात तीन रुपयांहूनही थोडे कमी. ज्या गोष्टीची गावात सर्वाधिक चर्चा होते तिचा दरावर परिणाम सर्वांत कमी, आणि धुऱ्यावरच्या वळणांविषयी कुणी बोलत नाही. अनुदानाचा बेलर असलेल्याने निम्म्या दरात काम करावे ही अपेक्षा म्हणूनच रास्त नाही. तीन रुपये मात्र तो सोडू शकतो.

हार्वेस्टर कसा चालला यावरही गाठीचा खर्च अवलंबून असतो, आणि हे फार उशिरा लक्षात येते. तणस बारीक कापून पसरवणारे जोड यंत्र लावून कापणी झाली असेल तर बेलरला उचलायला ओळच उरत नाही. पंजाबात धसकटातच गहू पेरता यावा म्हणून ते लावतात. गाठी बांधायच्या असतील तर ते नको. कापणी उंचावरून केली तर हार्वेस्टर भरभर पुढे जातो, पण अर्धे तणस उभ्या धसकटात राहते. ते मिळवायचे तर आधी कापायला आणि ओळ लावायला वेगळ्या फेऱ्या. म्हणून हार्वेस्टरवाल्याशी बोलतानाच बेलरचा विचार करावा: खालून काप, ओळीत सोड. त्यासाठी त्याने एकरी थोडे जास्त मागितले तरी ते द्यावेत.

आता शेतकऱ्याची बाजू. "तणस तू घे, शेत मोकळे करून दे, पैसे नको" हा सौदा त्याला फुकटात सुटल्यासारखा वाटतो. तो तपासू. एका टन धानाच्या तणसात सुमारे साडेपाच किलो नत्र, दोन किलोच्या वर स्फुरद आणि २५ किलो पालाश असते. दहा क्विंटल म्हणजे एक टन, म्हणजे आपला एक एकर. २५ किलो पालाश बाजारातून घ्यायचे तर ६० टक्के पालाश असलेले म्युरेट ऑफ पोटॅश ४२ किलो लागते. ५० किलोचे पोते १,५५० रुपयांचे धरले तर हे १,३०० रुपये झाले. नत्राची किंमत युरियाच्या भावात फारशी भरत नाही, सत्तर रुपयांच्या आसपास. तरी फुकट दिलेल्या तणसासोबत तेराशे-चौदाशे रुपये शेताबाहेर जातात.

तणस आपल्याच गुरांनी खाल्ले आणि शेण शेतात परतले तर यातला मोठा भाग परत येतो. काडी लावली तर नत्र जवळजवळ सगळे उडते, पालाश बरेचसे राखेत उरते, आणि धूर सगळ्या गावाच्या नाकात. गाठी बांधून बाहेर विकल्या तर मात्र जे गेले ते गेले. तेव्हा फुकट सौदा तपासताना प्रश्न एकच विचारायचा: गाठी जाणार कुठे? गाठ बाहेर ६० रुपयांना खपते असे धरले, बांधणीचा खर्च ३८, भरणे-वाहणे १४, तर ट्रॅक्टरवाल्याला आठ रुपये उरतात, एकराला चारशे. त्याच्या दृष्टीने सौदा ठीक, लुटीचा नाही. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने चारशे रुपयांसाठी कुणीतरी तेराशेचे पालाश उचलून नेले. दोघांपैकी कुणीच लबाड नाही आणि तरी शेताचा तोटा झाला. अशा वेळी पैसे देऊन गाठी बांधून घ्याव्यात आणि गावातल्याच गोठ्याला द्याव्यात, शेणखताच्या बोलीवर.

तणसाला शून्य किंमत नाही हे दिल्लीलाही ठाऊक आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग धानाचा क्विंटलमागचा उत्पादन खर्च काढताना एकूण खर्च मुख्य पीक आणि दुय्यम उत्पादन यांत त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटतो. म्हणजे आधारभूत किमतीच्या हिशेबात तणस शिरलेले असते. शेतकऱ्याच्या हिशेबात नसते.

उधारीचा मुद्दा लहान दिसतो, पण कामठ्यासारख्या गावात तोच सर्वांत खर्चिक. धान केंद्रावर गेला, चुकारे यायचे आहेत, "चुकारे आले की देतो." ट्रॅक्टरवाला म्हणतो, रोख ४२, उधार ४७. पाच रुपये ऐकायला काहीच नाहीत. पण ४२ वर दोन महिन्यांसाठी पाच रुपये म्हणजे १२ टक्के, वर्षाला सत्तरच्या वर. बँकेच्या १२ टक्के व्याजाने दोन महिन्यांचा भार गाठीमागे एक रुपयाही होत नाही. पैसे बुडण्याची भीती धरून दोन रुपये समजण्यासारखे. त्यापुढे गाठीच्या दरात सावकारी शिरलेली असते.

घाईच्या दराचेही असेच. आभाळ भरून आले की दर चढतो. त्या दिवशी चालकाला रात्री जागवायचे, दुसऱ्या गावचे काम सोडून यायचे, तर जादा मजुरी रास्त आहे. तासाच्या १६७ रुपये मजुरीची दुप्पट केली तरी गाठीमागे चार रुपये वाढतात. डिझेल, घसारा, सुतळी आभाळ पाहून महाग होत नाहीत. दर एकदम दुप्पट झाला तर वरचा पैसा कष्टाचा नसून शेतकऱ्याच्या धास्तीचा आहे.

परदेशात हा घोळ कमी करण्याची एक रीत आहे. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठ दरवर्षी भाड्याच्या शेतीकामांचे दर गोळा करून प्रसिद्ध करते. नांगरणीपासून गवताच्या गाठींपर्यंत प्रत्येक कामाची सरासरी आणि दरांचा पल्ला त्यात असतो. ब्रिटनमध्ये शेती ठेकेदारांची राष्ट्रीय संघटनाच मार्गदर्शक दर काढते. दोन्हीकडे हे दर बंधनकारक नसतात. मला आयोवाची रीत जास्त पटते, कारण ती सरासरीसोबत पल्लाही दाखवते. नुसती सरासरी छापली की पुढच्या साली तीच किमान दर होऊन बसते. गोंदिया जिल्ह्यात कृषी विभागाने किंवा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने हंगामाच्या शेवटी पन्नासेक कामांच्या पावत्या गोळा केल्या तरी असा तक्ता उभा राहील. पावतीवर गाठींची संख्या, पाच गाठींचे वजन, लागलेले तास आणि बांधीचा आकार एवढेच हवे. पावतीची सवय लावणे हे त्यातले खरे कष्टाचे काम.

कामठ्यासाठी मी गाठीचा दर सुचवेन: २० किलोची गाठ, वजन पाच गाठींच्या सरासरीने, सुतळी ट्रॅक्टरवाल्याची, यंत्र बंद पडल्याचा वेळ त्याचा. लहान बांध्यांना वेगळा, वरचा दर, आणि तो लपवून न ठेवता आधी सांगितलेला. वरच्याच हिशेबाने तासाला २५ गाठींच्या शेतात रास्त दर ६४ च्या आसपास येतो. ऐकून लहान शेतकरी चिडेल, आणि त्याचे चिडणे समजण्यासारखे आहे: ज्याची जमीन कमी त्यालाच दर जास्त.

यावर त्याच्या हातात एकच उपाय आहे. लागून असलेल्या चार-पाच जणांनी एकाच दिवशी एकच बेलर लावायचा. वळणे सगळी टळत नाहीत, पण शेतागणिक येण्याजाण्याचा, यंत्र जोडण्याचा आणि वाट पाहण्याचा वेळ वाचतो. तासाला २५ वरून ३२ गाठी निघाल्या तरी खर्च ५३ वरून ४२ वर येतो. हे वाचलेले अकरा रुपये अर्धे-अर्धे वाटून घ्यावेत, कारण जुळवाजुळव शेतकऱ्यांनी केली आणि सलग काम ट्रॅक्टरवाल्याने दिले. अडचण अशी की एकाचा हलका धान दिवाळीआधी निघतो, दुसऱ्याचा मध्यम दिवाळीनंतर आणि तिसऱ्याचा भारी डिसेंबरच्या तोंडावर. एका दिवशी गाठी बांधायच्या तर धान एका आठवड्यात पिकायला हवा. म्हणजे गाठीच्या दराची बोलणी बियाणे घेताना, पऱ्हे टाकायच्या आधी, जूनमध्येच करावी लागतात.